तळणीचं तेल

१२ मार्च

भावोजी,

तुमचं पत्र मिळालं. त्यात माझी खुशाली विचारली आहे, तिला उत्तर देत नाही. फोन करत नाही, कारण तुमचा आवाज ऐकला की माझं डोकं फिरतं आणि जे सांगायचं ते राहूनच जातं. कागद बरा. मधे बोलत नाही.

कोर्टाच्या समुपदेशक बाईंनी ठरवलंय की सुट्टीचे सहा आठवडे खारू तुमच्याकडे राहील. मी नको म्हटलं होतं. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि कागदावर तुमच्या बाजूने लिहिलं. "मुलगी अकरा वर्षांची आहे, तिलाही विचारलंय," म्हणाल्या. खारूला विचारलं तर तिने खांदे उडवले. तेवढ्याला त्यांनी होकार म्हणून टाकलं. वर मलाच सांगितलं की ती काय खाते ते तुम्हाला सविस्तर लिहून कळवा. म्हणून हे पत्र. नाहीतर मी तुम्हाला चार ओळीही लिहिल्या नसत्या.

दूध चालत नाही हे तरी लक्षात असेल. दूध, लोणी, चीज, साय, दुधाची भुकटी घातलेली बिस्किटं, काहीही नाही. एक थेंबसुद्धा नाही. अ‍ॅलर्जी उठली तर टोचायचं इंजेक्शनचं पेन तिच्या दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात असतं, ते तिथेच राहील, तुमच्या कुठल्या कपाटात जाणार नाही.

टोफू हे तिचं रोजचं खाणं. तुम्ही विचारलंत, तो धुवून घ्यायचा का आणि साल काढायची का. भावोजी, त्याला साल नसते. ते फळ नाही. सोयाबीनच्या दुधाचं केलेलं असतं, आणि 'दूध' हा शब्द वाचून घाबरू नका, ते तिला चालतं. मऊ आणू नका, घट्ट आणा. पुडीतलं पाणी ओतून द्या. स्वच्छ फडक्यात गुंडाळून दोन ताटल्यांच्या मधे ठेवा आणि वर काहीतरी जड ठेवा. तुमच्याकडे लिफ्टचे सुटे भाग घरभर पडलेले असायचे, त्यातलं काही नको, ते तेलकट असतात. एखादं जाड पुस्तक ठेवा. घरात असेल तर. अर्धा तास हात लावायचा नाही. पाणी निघालं नाही तर तो तव्यावर रडतो आणि खारू तसा टोफू तोंडात घेऊन खारीसारखा गालात साठवून ठेवते. तुम्हीच तिचं नाव त्यावरून ठेवलं होतं. गिळणार नाही, तुमच्याकडे बघत बसेल.

एवढं आधी करून बघा. बाकीचं नंतर.

खारूची मावशी


२१ मार्च

भावोजी,

टोफू तव्याला चिकटला, तुटला आणि त्याचा लगदा झाला, तरी तुमच्या बायकोने तो खाल्ला, असं लिहिलंत. त्या पोहायला शिकवतात म्हणे, नाकातोंडात पाणी जायची सवय असेल.

चिकटला कारण तुम्हाला दम निघाला नाही. तुम्हाला कधीच निघत नाही. रेघांचा जाड तवा घ्या. तो रिकामाच तापवा, वर हात धरवत नाही इतका. मग टोफूला तेलाचा हात लावायचा, तव्याला नाही. बोटाएवढे जाड काप करायचे. आधी सोया सॉस, किसलेलं आलं, ठेचलेली लसूण आणि थोडी साखर यांत वीस मिनिटं बुडवून ठेवायचे आणि तव्यावर टाकण्याआधी टिपून कोरडे करायचे. एकदा टाकले की हलवायचे नाहीत. खालची बाजू भाजली की तो आपणहून सुटतो. सुटत नसेल तर अजून झालेला नाही. उलथण्याने खरवडू नका. वरून तीळ टाका. उरलेला सॉस वेगळ्या वाटीत द्या, अंगावर ओतलेला तिला आवडत नाही.

तुम्ही लिहिलंय, तिला तळलेला टोफू जास्त आवडतो हे आठवतं, तर तळायचा कसा तेही सांगा. नाही. तळायचं नाही. तळलेलं ती माझ्याकडे खाते. तुमच्याकडे भाजलेलं.

का, असं विचाराल. तर तिच्या सातव्या वाढदिवसाची आठवण करून देते. चौदा माणसं घरात, तुम्ही तिची ताटली भरलीत आणि भरता भरता फोन आला म्हणून गॅलरीत गेलात. कुठल्यातरी इमारतीत दोन माणसं लिफ्टमधे अडकली होती. त्यांची सुटका झाली. इकडे माझ्या भाचीचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या आणि श्वासाला शिट्टीसारखा आवाज यायला लागला. तुमच्या आईसुद्धा दवाखान्यात सगळ्यांदेखत म्हणाल्या, की याला ताटलीत काय वाढतोय याचं भान नव्हतं, टोफूच्या जागी चीजचा गोळा वाढला असणार. तुम्हीही मान खाली घालून कबूल केलंत.

तेव्हा तळणीचा विषय बंद.

खारूची मावशी


२ एप्रिल

भावोजी,

माझ्या पाठीमागे तिला फोन करायचं काय कारण होतं? मी प्रयोगशाळेतून आले तर पोरगी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून हसत होती. मला बघितल्यावर हसू बंद. मी विचारलं, "कोण होतं?"

"बाबा. त्यांनी टोफूचे काप केले ते सगळे वेगवेगळ्या आकाराचे झाले. म्हणाले, एक तर लिफ्टच्या बटणाएवढा झालाय."

"अभ्यास झाला?"

"मावशी, ते मला तळून देणार आहेत. शिकतायत."

"कोणी सांगितलं?"

"त्यांनीच. तू त्यांना शिकवत नाहीस असंही म्हणाले. का गं शिकवत नाहीस?"

आता मुलीच्या मनात माझ्याविरुद्ध भरवायला सुरुवात झाली तर. चार वर्षं वर्षातून दोनदा यायचात, बंद पुड्यातली बिस्किटं टेबलावर ठेवायचात आणि गुडघ्यांवर हात ठेवून तासभर बसायचात, बँकेत नंबर लागायची वाट बघितल्यासारखे. तिला जवळ घेतलं नाहीत, एक घास भरवला नाहीत. ती तुमच्याकडे बघत असायची. मी तिला सांगायचे, काही माणसं अशीच असतात, दगडासारखी. आणि आता लग्न होऊन वर्ष झालं, घरात बाई आली, तसा पाझर फुटला?

ताप आला की रात्रंदिवस तिच्या उशाशी मी बसलेय. शाळेच्या डब्यावरून तिला पोरांनी चिडवलं तेव्हा शाळेत जाऊन मी भांडलेय. ताई गेली तेव्हा ही पाच वर्षांची होती आणि माझ्या पदराला धरून झोपायची. हे सगळं एका बटणाएवढ्या कापाने पुसून टाकाल असं वाटतं का तुम्हाला?

तळायचं नाही म्हणजे नाही.

खारूची मावशी


९ एप्रिल

भावोजी,

तुमचं पत्र काल आलं. दोनदा वाचलं. तुम्ही लिहिलंय: काळजी करू नका, आम्ही तिची ताटली वेगळी, लाल रंगाची आणली आहे, चीजचं काहीही असलं तर ते वेगळ्या भांड्यात ठेवू, तळणी झाली की तिचं मीच वाढीन आणि ती खाईपर्यंत फोनला हात लावणार नाही.

तळणी झाली की. म्हणजे सगळ्यांसाठी कढई एकच.

तुमची चूक नाही. तुम्हाला वाटतं की धोका ताटलीत होता. चार वर्षं मीच तुम्हाला तसं वाटू दिलं. आता गप्प राहिले तर एक दिवस तुम्ही लाल ताटलीत, फोन बंद करून, अगदी नीट लक्ष देऊन तिला विष वाढाल. म्हणून लिहिते.

धोका ताटलीत नव्हता. तेलात होता.

त्या दुपारी मी आधी पाहुण्यांचे चीजचे गोळे तळले. त्यातले तीन फुटले आणि चीज तेलात पसरलं. नवं तेल वरच्या फळीवर होतं आणि स्टुलावर कोणाच्या तरी पिशव्या होत्या. दोन मिनिटांचं काम. तेवढ्यात दाराची बेल वाजली, कोणीतरी 'केक कधी कापायचा' म्हणून ओरडलं, आणि मी झाऱ्याने तेलातले कण काढले नि खारूचा टोफू त्याच कढईत सोडला. मी, जी एका रक्ताच्या नमुन्याला लागलेली नळी दुसऱ्याला लागू देत नाही. तुम्ही ताटली बरोबर भरली होती. तिच्याच वाडग्यातून, तिचाच टोफू. फोन आला नसता तरी जे झालं तेच झालं असतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लं हिने?" तुमच्या आई बोलल्या, मग तुम्ही म्हणालात, "माझ्याच हातून झालं असेल." मी तुमच्या शेजारी उभी होते. माझ्या हातांना त्या तेलाचा वास येत होता. एक वाक्य बोलायचं होतं. बोलले नाही. ती वाचली हे कळल्यावर घरी आले आणि आधी तेल ओतून दिलं, कढई घासली, मग हात धुतले.

सुरुवातीला भीती होती की खारूला माझ्याकडून काढून घेतील. मग तुम्ही बदली मागून घेतलीत, ती माझ्याकडे राहिली, आणि बोलायची गरजच उरली नाही. रोज बोलायचं ठरवलं आणि राहिलं, असंही नाही. काही महिने तर माझ्या मनातही आलं नाही. सगळे तुम्हाला नावं ठेवायचे, मीही ठेवायचे, आणि ठेवता ठेवता मला ते खरं वाटायला लागलं होतं.

माफी मागत नाही. तुम्ही ती देऊ नका. तुमचा राग मला आजही येतो. इतक्या सहज कसं कबूल केलंत? एकदाही भांडला नाहीत. 'मी टोफूच वाढला होता' एवढं एकदा छातीवर हात ठेवून म्हणाला असतात, तर मी बोलले असते. असं मला वाटतं. खरं काय ते मलाही माहीत नाही.

आता नीट वाचा. तिच्यासाठी कढई वेगळी, झारा वेगळा, चिमटा वेगळा. तेल प्रत्येक वेळी नवं, सीलबंद बाटलीतून. टोफू दाबून, पुसून, चौकोनी तुकडे करायचे. मीठ, मिरपूड आणि कॉर्नफ्लॉवर यांत घोळवायचे, जास्तीचं पीठ झटकायचं. तेलात एक कण टाकून बघा, लगेच वर आला तर तेल तयार. एका वेळी पाच-सहाच तुकडे. गर्दी केली तर एकमेकांना चिकटतात. सोनेरी झाले की काढा, जाळीवर ठेवा, कागदावर ठेवलेले खालून मऊ पडतात. आणि उरलेल्या तेलात आधी काय तळलं होतं हे ज्याला आठवत नाही, त्याने ते फेकून द्यावं.

मावशी


१८ एप्रिल

भावोजी,

तुमची एक ओळ मिळाली. 'खारूला तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगेन.' बायकोशी बोलून लिहिलंत की स्वतःच्या डोक्याने, देव जाणे. मी सांगितलं. तुमच्या धमकीमुळे सांगितलं हेही लिहून ठेवते, उगाच मोठेपणा नको.

तीन दिवसांपूर्वी संध्याकाळी ती टोफू तळत होती. आताशा ती स्वतः तळते, मी शेजारी उभी असते. मी म्हटलं, "तुझ्या सातव्या वाढदिवसाला मी नवं तेल घेतलं नव्हतं."

तिने मागे वळून पाहिलं नाही. "म्हणजे?"

"चीज तळलेल्या तेलात तुझा टोफू तळला. बाबांनी चुकीचं काही वाढलं नव्हतं."

"तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी."

"त्या दिवशी कधी? मी दवाखान्यात होते तेव्हा?"

"हो."

"आणि बाबा तिथेच होते?"

"माझ्या शेजारी."

तिने कढईतले तुकडे एकेक करून बाहेर काढले. गॅस बंद केला. तापलेलं तेल सोडून जायचं नाही असं मीच तिला शिकवलंय. मग हात पुसले आणि म्हणाली, "तू म्हणायचीस ते दगडासारखे आहेत."

"म्हणायचे."

"मला वाटायचं मी आजारी पडले म्हणून ते माझ्यावर रागावलेत."

हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. चार वर्षांत कधीच नाही. मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेले, ती बाजूला झाली. जोरात नाही. गर्दीत अनोळखी माणसाला वाट देतात तशी.

तेव्हापासून ती माझ्या हातचं खात नाही. टोफू स्वतः दाबते, नकाशांच्या पुस्तकाखाली. स्वतः कापते, स्वतः भाजते. भांडी घासायला घेतली तर म्हणते, "राहू दे, माझी मी घासते." शाळेच्या कागदावर सही हवी असली की कागद टेबलावर ठेवून जाते. ओरडली असती, काही फोडलं असतं तर मला जमलं असतं. या घरात आरडाओरड करणारी मी आहे, गप्प राहणाऱ्या माणसाशी कसं वागायचं ते मला येत नाही.

शाळा सुटायची वाट बघायची नाही म्हणते. परीक्षा झाली की लगेच यायचंय तिला. येऊन घेऊन जा.

मावशी


४ मे

भावोजी,

तुम्ही गेलात त्याला आठवडा झाला. समोर बोलता आलं नाही ते लिहिते.

तुम्ही दारात उभे राहिलात. मी पाणी विचारलं, नको म्हणालात. बसा म्हटलं, तर बसलाही नाहीत. मी तयारीत होते. तुम्ही जे काही बोलाल त्याला माझ्याकडे उत्तरं होती, आठवडाभर घोकून ठेवलेली. त्यातलं एकही लागलं नाही. खारू म्हणाली, "बाबा, मी टोफू भाजलाय, खाऊन निघू." तुमच्या हातात ताटली दिली आणि स्वतः तोंड उघडून उभी राहिली, लहानपणी राहायची तशी.

तुम्ही तुकडा उचललात आणि तो हातातच राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणालात, "चार वर्षं मी हिला हाताने काही दिलं नाही. माझ्या हाताला काहीतरी लागलेलं असेल असं वाटायचं. म्हणून बंद पुडे आणायचो."

त्यावर मी काहीही बोलू शकले असते. मी म्हटलं, "गाडीची वेळ होतेय." ते माझ्या तोंडून का निघालं ते विचारू नका.

तुम्ही तिला भरवलंत की नाही, मी पाहिलं नाही. मी तिची बॅग आणायला आत गेले होते.

मावशी


११ जून

भावोजी,

समुपदेशक बाईंचा फोन आला. खारूने तिकडेच शाळेत जायचं ठरवलंय. या वेळी खांदे उडवले नाहीत, स्पष्ट बोलली म्हणे. मी हरकत घेतली नाही. घेणार होते. पण घेण्यासारखी हरकत सापडली नाही. तिचे हिवाळ्याचे कपडे पाठवलेत. ती माझ्याशी कधी बोलेल असं बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "ते तिच्यावर सोडा." पगार घेऊन माणसं असं बोलतात.

तुम्ही सांगितलं होतंत की त्या दिवशी घरात होते त्या सगळ्यांना मी खरं सांगावं. सांगितलं. शेजारच्या काकू 'अगं जाऊ दे आता' म्हणाल्या. तुमच्या मावसभावाने फोन आपटला. उरल्या होत्या तुमच्या आई. त्यांना फोनवर सांगणं मला बरं वाटलं नाही, म्हणून काल दुपारी गेले.

तुमच्या आईंच्या इमारतीची लिफ्ट बंद आहे. चार मजले चढून गेले. त्या खिडकीजवळ पाय स्टुलावर ठेवून बसल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, "पोरीला पाठवलंस ना त्याच्याकडे? तुझी छाती मोठी. मी नसतं पाठवलं."

मी उभ्या उभ्याच सांगितलं. तेल, कढई, फुटलेले गोळे, सगळं. त्या ऐकत होत्या. संपल्यावर विचारलं, "मग तो बोलला का नाही?"

"त्यांनाही तेच खरं वाटत होतं."

"मी त्याला दवाखान्यात काय म्हटलं होतं, आठवतं तुला?"

"आठवतं."

"मग बोल ना."

"पोर सांभाळायची तुझी लायकी नाही, असं म्हणाला होतात. आणि तुझी बायको मेली ती सुटली, असं."

मी शिव्या ऐकायच्या तयारीने गेले होते. सत्तर पायऱ्या चढताना मनाशी म्हटलं होतं, काय म्हणतील ते ऐकून घ्यायचं, उलट बोलायचं नाही. त्यांनी हाताने चाचपडत चष्मा शोधला, सापडला तो डोळ्यांवर नीट बसेना. मग फोन माझ्यापुढे धरला. "मला आकडे दिसत नाहीत. त्याचा नंबर लाव."

"मी लावते, पण बोलणार नाही."

"तुला कोण सांगतंय बोलायला?"

नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. तिकडे घंटा वाजायला लागली तशी त्यांनी मला हाताने खुणावलं, जा. मी दार ओढून घेतलं. तिसऱ्या मजल्यावर आले तेव्हा वरून त्यांचा आवाज आला. पहिल्यांदा तुमचं लहानपणीचं नाव घेतलं, मग पुढचे शब्द कळेनासे झाले. मी कठड्याला धरून खाली उतरले.

मावशी